गोव्याच्या डोंगरात जड बूट कशाला?

पाऊस तोंडावर आला की गोव्यातल्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर साधारण असा: पाठीवर सॅक घेऊन डोंगरात मुक्कामाला जायचं तर घोट्याच्या वर येणारे, जाड चामड्याचे, वॉटरप्रूफ बूटच घ्या. हलक्या बुटांत घोटा मुरगळतो, पाय भिजतात, साप आणि जळवा सोडत नाहीत. शिवाय ते एका मोसमात फाटतात, जड बूट दहा वर्षं जातात. पहिल्यांदाच सॅक घेणारी कॉलेजची मुलं हे वाचून ऐपतीबाहेरचे बूट घेतात आणि सुर्ल्याच्या चढावर पाय ओढत चालतात. त्या मुलांसाठी हे उत्तर.

आधी घोटा. बुटाची उंच कॉलर घोटा घट्ट धरून ठेवते, असं गृहीत धरलं जातं. १९९३ साली अमेरिकेत ६२२ बास्केटबॉल खेळाडूंना उंच आणि बुटके असे बूट वाटून देऊन दुखापती मोजल्या, तेव्हा दोन्हींत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मैदान म्हणजे डोंगर नव्हे, हे मान्य. पण डोंगरात घोटा बहुतेक वेळा मुरगळतो तो उतरताना, पाय थकलेले असताना, आणि पाय थकवण्यात बुटाच्या वजनाचा वाटा मोठा असतो. प्रत्येक पायावर १०० ग्रॅम वाढले की धावताना साधारण एक टक्का जास्त शक्ती खर्च होते, असं मोजमाप झालेलं आहे. चामड्याचा जोड सहज दीड किलोचा भरतो, हलका जोड सातशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे प्रत्येक पावलाला चारशे ग्रॅम जास्तीचे उचलायचे, तेही दिवसभर. संध्याकाळी पाय पुरता उचलला जात नाही आणि बुटाचं टोक झाडाच्या मुळात अडकतं. एमा गेटवूड या अमेरिकन आजींनी १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, तीन हजार किलोमीटरहून लांब अॅपलेशियन ट्रेल ही डोंगरातली पायवाट एकट्यानं पूर्ण केली, ती कॅनव्हासच्या साध्या बुटांत.

ओझ्याचं म्हणाल तर गोव्यात ते वाढायला कारणच नाही. इथलं सर्वांत उंच शिखर सोंसोगड, हजार मीटरहून थोडंच उंच. ना बर्फ, ना जाड स्लीपिंग बॅगची गरज. दोन मुक्कामांची सॅक आठ-दहा किलोंत बसते. हिमालयात बर्फात क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे टोकदार दाते, लावायचे असतील किंवा वीस-पंचवीस किलो वाहायचे असतील तर कडक तळव्याचे बूट हवेतच, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

आता वॉटरप्रूफ. या मेसेजमधला सर्वांत चुकीचा मुद्दा हाच. अशा बुटाच्या आत एक पातळ पडदा असतो. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते, अशी त्याची रचना. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत मोलेच्या नाहीतर सत्तरीच्या रानात हवाच पाण्यानं भरलेली असते, त्यामुळे पाय स्वतःच्या घामात भिजत राहतो. आणि व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, काय? पाणी पोटरीला लागलं की बुटाच्या वरच्या तोंडातून आत शिरतं, आणि जो पडदा त्याला आत येऊ देत नव्हता तोच आता बाहेर पडू देत नाही. जाळीच्या बुटात पाणी शिरतं तसं निघूनही जातं. व्हाळ ओलांडल्यावर पहिल्या काही पावलांना दोन्ही बाजूंनी फेस येतो, चळक चळक आवाज होतो, मग फक्त ओले मोजे उरतात. मोजे सुती नकोत, लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या, नाहीतर फोड ठरलेले. एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत फक्त झोपताना घालायला ठेवा. व्हाळ गढूळ होऊन चढायला लागला असेल तर मात्र कुठल्याच बुटांनी त्यात उतरू नका.

साप. उंच बुटानं पावलावरचा आणि घोट्यावरचा चावा काही अंशी अडतो, हे खरंच आहे. पण आपल्या रानातला चापडा झुडपांवर, हाताच्या उंचीवर बसलेला असतो. तिथे बूट कामाचे नाहीत. हात कुठे ठेवतोय ते बघणं, काठी आणि अंधारात टॉर्च, हे जास्त उपयोगी. चावल्यास तडक इस्पितळ गाठा. जळवा तर बुटाच्या उंचीला जुमानत नाहीत, त्या वर चढतात आणि लेसच्या भोकांतूनही शिरतात. त्यांच्यावर घट्ट विणीचे लीच सॉक्सच चालतात.

राहिला टिकाऊपणा. हलके बूट लवकर झिजतात, नाकारत नाही. पण ‘दहा वर्षं’ हे गोव्याच्या दमट हवेत फसवं आहे. जड बुटांच्या तळव्यात बरेचदा पॉलियुरेथेन या फोमचा थर असतो, आणि हवेतल्या ओलाव्यानं तो आतून तुटत जातो, बूट घाला किंवा न घाला. काही वर्षं कपाटात ठेवलेला जोड काढावा तर वरचं चामडं धडधाकट असतं, आणि अंगठ्यानं दाबल्यावर तळव्याचा थर वाळवीनं खाल्लेल्या लाकडासारखा हातात येतो. मोची शिलाई मारून देईल, पण टाका धरायला खाली काही उरलेलं नसतं. हलक्या बुटांतला ईव्हीए फोम असा विरघळत नाही, तो वापरानं दबतो, आणि दबलेला पायाला कळतो.

पैसे घालायचेच तर रबरावर घाला. ओल्या, शेवाळलेल्या जांभ्यावर कडक रबर सटकतं, मग बूट कितीही महाग असो. महाराष्ट्रातले ट्रेकर अॅक्शन कंपनीचे साधे बूट वर्षानुवर्षं वापरत आले ते त्यांच्या पकडीसाठी. दुकानात नखानं तळवा दाबून बघा, रबर थोडं तरी दबलं पाहिजे. संध्याकाळी जा, तेव्हा पाय फुगलेले असतात. ट्रेकचेच मोजे घाला, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून पाहा: उतरताना अंगठा पुढे टेकला तर एक नंबर मोठा मागा.