बैलाला टाळ्या, गाईला काय?

‘शर्यती बंद पडल्या तर खिल्लार संपेल.’ खिल्लार म्हणजे शर्यतीत पळणारी आपली देशी गुरांची जात. बैलगाडा शर्यतींना मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यता कायम ठेवली, तरी गावाकडच्या ग्रुपवर हे वाक्य अजून फिरतं. मी नेदरलँड्सच्या उत्तरेला, ग्रोनिंगेनला राहतो. इथल्या घोड्याची हकिकत कळल्यापासून ते मला अर्धवट वाटतं.

ग्रोनिंगेनची माती चिकण, भारी. ती नांगरायला आणि रविवारी बग्गीलाही चालेल असा रुंद छातीचा, थंड डोक्याचा घोडा इथल्या शेतकऱ्यांनी घडवला. मग ट्रॅक्टर आला. घोड्यांची पैदास बघणाऱ्या संघटनांनी उडी मारणारा, हलका, स्पर्धेचा घोडा हवा म्हणून धोरणच बदललं आणि जुना घोडा मागे पडला. १९७८ मध्ये बाल्देवाइन नावाचा त्या जातीचा शेवटचा पैदाशीचा घोडा खाटिकखान्याच्या वाटेवरून काही हौशी मंडळींनी सोडवला. १९८२ मध्ये त्यांनी स्वतंत्र संस्था काढली, १९८५ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली.

बाल्देवाइनचं नाव सगळे घेतात. पण जुन्या वळणाच्या मोजक्या घोड्या कुणी विकल्या नव्हत्या, म्हणून तो उपयोगी पडला. आज इथे परीक्षणाला घोडी आणली की मालक तिला हातात लगाम धरून कडक जमिनीवर आधी चालवतो, मग दुडक्या चालीने पळवतो. परीक्षक खाली वाकून पाय आणि खूर बघतात. आई कोण, आजी कोण, सगळं कागदावर. टाळ्या वगैरे नाहीत. खरं सांगायचं तर कंटाळवाणाच प्रकार आहे.

आपल्याकडे शर्यतीचा बैल लाखांना जातो, त्याचा फोटो फ्लेक्सवर लागतो. खिल्लार गाय दूध थोडंच देते, म्हणून आटपाडी-सांगोल्याकडचा शेतकरी संकरित गाय बांधतो. त्याला दोष कसा द्यायचा? इथल्यांकडे पैसा आहे, कुरण आहे, हौस परवडते. आपल्या शेतकऱ्याला चारा विकत घ्यावा लागतो. २०१५ मध्ये लागू झालेल्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. पण कत्तल थांबवली म्हणून कुणी वंश राखायला घेतो असं नाही. उलट म्हातारा बैल विकता येणार नसेल तर नवं खोंड वाढवताना शेतकरी दहादा विचार करतो.

शर्यतींना माझा विरोध नाही. त्यांच्या बक्षिसातला थोडा हिस्सा जातिवंत खिल्लार गाय सांभाळणाऱ्याला दरवर्षी मिळावा, आणि जिंकलेल्या बैलाच्या आईचं व तिच्या मालकाचं नाव निकालातच छापावं, एवढं आयोजकांनी पुढच्या यात्रेपासून करावं.