सायफन असताना बिल्ज पंप कशाला? एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

जुनी जेट स्की विकत घेणाऱ्याला बिल्ज पंपाबद्दल, म्हणजे तळाशी साचलेले पाणी विजेवर उपसणाऱ्या पंपाबद्दल, हमखास मिळणारा एक सल्ला असा आहे: “वेगळा बिल्ज पंप बसवण्याच्या भानगडीत पडू नका. कंपनीचा सायफन पाणी आपोआप बाहेर टाकतो. गरज असती तर कंपनीनेच पंप दिला असता. पंप बॅटरी खातो, त्यासाठी हलला (खालच्या कवचाला) भोक पाडावे लागते, आणि आत फोम असल्यामुळे जेट स्की तशीही बुडत नाही.” यातील प्रत्येक वाक्यात सत्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच हा सल्ला पटतो. तरीही पाणी नेमके कधी साचते आणि ते कोण उपसणार, हे क्रमाने पाहिले, तर त्यातले फारसे काही टिकत नाही.

सर्वांत वजनदार मुद्दा सायफनचा, म्हणून त्यापासून सुरुवात करू. हलच्या तळातून निघालेली बारीक नळी मागे जेट पंपाच्या नॉझलपर्यंत जाते. नॉझलमधून पाणी वेगाने सुटताना तेथे दाब कमी होतो आणि त्या ओढीने तळातले पाणी बाहेर खेचले जाते. रचना सुंदर आहे. तिच्यात फिरणारा भाग नाही आणि तिला वीजही लागत नाही. पण ही ओढ निर्माण होते ती इंजिन चालू असताना आणि थ्रॉटल दिल्यावरच. किनाऱ्याजवळ मंद गतीने सरकताना ती नाममात्र असते, आणि इंजिन बंद पडले की संपते. जेट स्की उलटली, सरळ केली, आत पाणी शिरले आणि इंजिन सुरू होईना, अशा वेळी सायफन काहीच करत नाही. तशाही स्थितीत इंजिन सुरू झालेच, तर इंजिन आणि ड्राइव्ह शाफ्ट यांना जोडणारा कपलर साचलेल्या पाण्यात फिरून ते तुषारांसारखे सर्वत्र उडवतो. ते तुषार सीटखालच्या हवेच्या वाटेने कार्ब्युरेटरमध्ये ओढले जातात आणि टू-स्ट्रोक इंजिनात तेथून थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या कप्प्यात, उतरतात. तिथल्या बेअरिंगांवर खाऱ्या पाण्याने गंज धरायला एक रात्र पुरते. थोडक्यात, सायफनने पाणी काढायचे तर इंजिन चालवावे लागते आणि पाणी भरलेले असताना इंजिन चालवणे हेच सर्वांत धोक्याचे असते.

याच नळीची आणखी एक बाजू सल्ला देणारे क्वचितच सांगतात. सी-डू या नावाच्या अनेक जुन्या जेट स्कींत ही नळी डेकच्या (वरच्या कवचाच्या) खालून उंच वळसा घेऊन जाते आणि वळशाच्या माथ्यावर सुईएवढे छिद्र असते. इंजिन थांबल्यावर त्या छिद्रातून हवा शिरते आणि पाण्याचा उलटा प्रवाह तुटतो. छिद्र मिठाने किंवा ग्रीसने बुजले, तर पाण्यात थांबून असलेल्या जेट स्कीत बाहेरचे पाणी त्याच नळीतून आत येऊ शकते. म्हणजे पाणी काढणारी वाटच पाणी भरणारी होते. तारकर्लीसारख्या वाळूच्या किनाऱ्यावर तळाची जाळीही लवकर तुंबते. नळी सोडवून तोंडाने फुंकावी, हवा नॉझलकडे बाहेर पडते का ते पाहावे आणि माथ्यावरचे छिद्र बारीक तारेने मोकळे करावे. पंप बसवला तरी हे काम सुटत नाही, कारण सायफन काढून टाकायचा नसतो.

“गरज असती तर कंपनीने दिला असता” हा युक्तिवाद नव्या यंत्राचा हिशेब जुन्या यंत्राला लावतो. कावासाकीने उभ्याने चालवायची जेट स्की १९७३ साली बाजारात आणली, यामाहाची बसून चालवायची वेव्हरनर १९८७ च्या मॉडेलपासून आली. त्या काळच्या आरेखकाने सील, रबरी नळ्या आणि हल-डेकचा जोड नवा धरूनच पाण्याचा अंदाज बांधला होता. तीस वर्षांनी शाफ्टचे सील झिजलेले असते आणि थंडाव्याच्या पाण्याच्या नळ्या कडक होऊन क्लॅम्पपाशी तडकलेल्या असतात. शिवाय आज सी-डू बनवणारी बीआरपी विजेच्या बिल्ज पंपाचा संच स्वतःच विकते, आणि कसरती करणारे चालक तर ताशी ५०० गॅलनचे दोन-दोन पंप सर्रास बसवतात.

बॅटरीचा आक्षेप आकड्यांनी तपासावा. ताशी ५०० गॅलनचा, म्हणजे मिनिटाला सुमारे ३१ लिटरचा पंप १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर घेतो. नळीची उंची आणि वळणे धरून प्रत्यक्षात मिनिटाला २० लिटरच निघतात असे मानले, तरी दहा मिनिटांत २०० लिटर पाणी बाहेर पडते आणि खर्च होतो एक तृतीयांश अँपिअर-तास. अनेक जुन्या जेट स्कींतली बॅटरी १९ अँपिअर-तासांची असते. आक्षेप खरा ठरतो तो एकाच परिस्थितीत: पाणी चढले की पंप आपोआप सुरू करणारा तरंगता स्विच लावून गळकी जेट स्की रात्रभर पाण्यात बांधून ठेवली, तर सकाळी बॅटरी उतरलेली मिळेल. पण तिथे दोष गळतीचा आहे. माझे मत असे, की जुन्या यंत्राला हाताने चालवायचा, पाणी न शिरणारा स्विच आणि पंप चालू असल्याचे दाखवणारा दिवा पुरेसा आहे. तरंगता स्विच वाळूने किंवा दोरीच्या तुकड्याने अडकतो.

भोकाची भीती फारच वाढवून सांगितली जाते. शाफ्ट, एक्झॉस्ट आणि बूच यांसाठी कंपनीनेच हलला भोके ठेवली आहेत. पंपाचे भोक बंपरपट्टीखाली, पाण्याच्या रेषेच्या बरेच वर पाडावे, फायबरच्या उघड्या कडा बंद कराव्यात, फिटिंग सागरी पॉलियुरेथेन सीलंटने बसवावे आणि नळीला आत उंच वळसा द्यावा.

फोमचे म्हणावे तर तो हल तरंगता ठेवतो, इंजिन कोरडे ठेवत नाही. स्टार्टर बऱ्याच यंत्रांत खालीच असतो, त्यामुळे तो आधी भिजतो. शिवाय वर्षानुवर्षे तळाशी पाणी राहिले, की जुना फोम ते शोषून जड होतो.

आता उलट टोकाचा भ्रमही येथेच खोडला पाहिजे, कारण पंप बसवला की गळतीची चिंता मिटली असे समजणारेही कमी नाहीत. पाण्याखाली २० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरचे भोक उघडे असेल, उदाहरणार्थ मागचे बूच लावायचे राहिले असेल, तर मिनिटाला ३५ लिटरच्या आसपास पाणी आत येते. पंप त्याच्याशी स्पर्धा करू शकत नाही, तो फक्त किनारा गाठायला थोडा वेळ मिळवून देतो. तळाच्या पाण्यात तेल मिसळलेले असेल, तर ते पंपाने समुद्रात सोडणे हाही गैरप्रकारच आहे.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. इंजिनाच्या कप्प्यात पेट्रोलची वाफ साचू शकते, म्हणून पंप आणि स्विच ठिणगीपासून सुरक्षित असल्याचे प्रमाणित, उदाहरणार्थ आयएसओ ८८४६ नुसारचे, असावेत. मत्स्यटाकीचा किंवा गाडीचा स्वस्त पंप येथे चालत नाही. बॅटरीजवळ उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज असावा, तारा कथिलाचा मुलामा असलेल्या घ्याव्यात आणि जोड तळाच्या पाण्यापासून वर ठेवावेत. बसवून झाल्यावर सीट उघडी ठेवून, ट्रेलरवर सपाट उभ्या असलेल्या जेट स्कीत दहा लिटर स्वच्छ पाणी ओतावे आणि पंप चालू करावा. तळाशी उरणारे चमचाभर पाणी वगळता बाकीचे अर्ध्या मिनिटात निघायला हवे. मिनिट उलटूनही पाणी तसेच दिसत असेल, तर आधी नळीला कुठे पीळ बसला आहे ते पाहावे, मग तारेची जाडी आणि जोड तपासावेत.