सगळ्यांची व्हिमआरसी सुधारायची आहे? मग हे वाचाच

व्हिमआरसी म्हणजे व्हिम या टेक्स्ट एडिटरच्या सेटिंगची फाइल. सर्वप्रथम, मूळ फाइलची प्रत अजिबात करून ठेवू नका. प्रत करणारी सीपी कमांड लिहायची, फाइलचं नाव दोनदा टाइप करायचं, शेवटी '.बॅक' जोडायचं, एवढी मेहनत कोणासाठी? ज्यांना आपल्या बदलांची खात्री नसते, त्यांच्यासाठी असतात असल्या प्रती. बदलांची नोंद ठेवणारं गिट तर त्याहून भित्र्यांचं.

फाइल कोणतीही असो, सुडो, म्हणजे रूट या मुख्य खात्याचे अधिकार देणारी कमांड, लावूनच उघडा. स्वतःच्या होम डिरेक्टरीत नवी व्हिमआरसी तयार करायची असली तरी सुडो हवाच. म्हणजे फाइलची मालकी रूटकडे जाते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच फाइलपुढे 'परवानगी नाही' वाचत हात जोडून उभं राहता येतं. सुडोएडिट नावाची एक सोय आहे खरी. ती फाइलच्या तात्पुरत्या प्रतीवर काम करू देते, एडिटर तुमच्याच अधिकारात चालतो आणि शेवटी प्रत जागेवर जाते. इतकं सरळ असल्यावर मजा ती काय राहिली?

एखादीच ओळ जोडायची असेल तर मजकूर छापणारी एको कमांड आणि '>' पुरे. '>>' म्हणजे एक खूण उगाच जास्त. पहिली जुना मजकूर पुसते आणि दुसरी शेवटी जोडते, एवढाच काय तो फरक.

मॅपिंगच्या, म्हणजे एखाद्या बटणाला काम नेमून देणाऱ्या, ओळीतच, पुढे, अवतरणचिन्ह देऊन टिप्पणी लिहा. व्हिममध्ये टिप्पणी अवतरणचिन्हानेच सुरू होते, हे बरोबर आहे. फक्त मॅपिंगच्या ओळीत ती टिप्पणी न राहता मॅपिंगचाच भाग होते, एवढं विसरा. एफ-दोनवर फाइल जतन करायला लावा आणि पुढे अवतरणचिन्हाला चिकटून 'सेव्ह'ची एस, ए, व्ही, ई ही इंग्रजी अक्षरं ठेवा. अवतरणचिन्ह आणि एस मिळून रजिस्टर, म्हणजे व्हिमचा मजकूर साठवायचा कप्पा, निवडतील, ए संपादन सुरू करेल, आणि उरलेली व्ही-ई तुमच्या फाइलमध्ये छापली जातील. दर वेळी, जतन झाल्यानंतर.

आता मुख्य उपाय. सर्व्हर सामायिक असेल, त्यावर दहा जण काम करत असतील, तर तुमची आवड एटीसी या सगळ्यांच्या सेटिंगच्या डिरेक्टरीमधल्या व्हिमआरसीतच घाला. आणि कोणाला सांगू नका. आमच्याकडे नुकताच एका सद्गृहस्थांनी हा उपाय केला. त्यांना टॅबऐवजी स्पेस आवडतात, म्हणून एक्सपांडटॅब चालू केलं. शिवाय कुठूनतरी उचललेल्या तुकड्यात व्हिमची डिफॉल्ट फाइल वगळणारी ओळ होती, तीही ठेवली. मेक या प्रोग्रॅमला कामं सांगणाऱ्या मेकफाइलमध्ये कमांडच्या आधी टॅबच लागतो. फाइलचा प्रकार ओळखून सेटिंग लावणारं फाइलटाइप प्लगिन चालू असताना व्हिम मेकफाइलपुरता टॅब जपून ठेवतं, पण ते चालू करणारी डिफॉल्ट फाइलच वगळल्यावर काय जपणार? मी मेकफाइलमध्ये एक कमांड घातली, मेक चालवलं, उत्तर आलं: 'मिसिंग सेपरेटर'. ओळ बघितली, ठीक. पुन्हा टाइप केली, तरी तेच. स्पेस आणि टॅब स्क्रीनवर सारखेच दिसतात, त्यामुळे मी आधी ब्रँच तपासली, मग मेकचं व्हर्जन, मग कालचे सगळे बदल. शेवटी न दिसणारी चिन्हं दाखवणारं 'कॅट -ए' लावलं तेव्हा जिथे टॅबची खूण '^आय' दिसायला हवी तिथे स्वच्छ स्पेस. 'व्हर्बोज सेट एक्सपांडटॅब?' विचारल्यावर व्हिमनेच चोर दाखवला: शेवटचं सेटिंग एटीसीमधल्या फाइलमधून, ओळ क्रमांकासकट. विचारायला गेलो तर म्हणे, "अरे, मी तर चांगल्यासाठीच केलं. स्पेसच वापरायच्या असतात." मेकला कोणी सांगितलं नव्हतं वाटतं! आणि मूळ फाइल मागितली तर म्हणे ती नाही.

बदल केल्यावर तपासू नका. दुसरं सत्र उघडं ठेवणं, तिथे नवी व्हिमआरसी चालवून बघणं, फाइलमध्येच गडबड वाटली तर 'व्हिम -यू नन'ने सेटिंगविना उघडणं, ही सगळी रिकामटेकड्यांची कामं.

आणि हो, शुक्रवारी संध्याकाळी करा.

बरं, पुरे झालं. अहो, स्वतःची आवड स्वतःच्या होम डिरेक्टरीत घाला ना! व्हिम आधी एटीसीतली फाइल वाचतं, मग तुमची, त्यामुळे तुमच्या फाइलमध्ये लिहिलेलं वरचढच ठरतं. तुम्हाला हवं ते सगळं मिळतं, दुसऱ्याच्या बटणांना हात न लावता. खरंच सगळ्यांसाठी बदल हवा असेल तर आधी विचारा, प्रत करा, डेबियन लिनक्सवर असाल तर व्हिमआरसी.लोकल नावाची वेगळी फाइल त्याचसाठी ठेवली आहे, तिच्यात लिहा, आणि वर टिप्पणीत तारीख आणि नाव टाका. नाव टाकायची लाज वाटत असेल तर तो बदल करू नका. सुडो तुम्हाला सर्व्हर सांभाळायला दिला आहे, तुमच्या आवडीनिवडी इतरांवर लादायला नाही. आणि ती मेकफाइल अजून तुटलेली आहे, ती आधी नीट करा.