पार्किंग मोड, ऑस्ट्रिया आणि "अर्धवट सल्ला": एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया वाचली. खालीच उत्तर टाईप करायला घेतलं होतं पण ते इतकं वाढत गेलं की शेवटी म्हटलं वेगळंच टाकूया, कारण तुम्ही विचारलंय ते अजून चार-पाच जणांनी मेसेज करून विचारलंय, फक्त तुमच्याएवढं चिडून नाही :)

ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की आम्ही आमच्या मोटरहोममध्ये (आत राहायची सोय असलेली गाडी) पुढे एकच डॅशकॅम, म्हणजे रस्ता टिपणारा छोटा कॅमेरा, लावलाय, तोही लायटरच्या सॉकेटवर चालणारा, इंजिन बंद की कॅमेरा बंद, आणि ऑस्ट्रियात शिरायच्या आधी तो काचेवरून काढून ड्रॉवरमध्ये जातो. यावर दादांचं म्हणणं असं: हा सल्ला अर्धवट आहे. लावायचा तर नीट हार्डवायर करून (गाडीच्या वायरिंगला कायमचा जोडून) पुढे-मागे लावा आणि पार्किंग मोड (गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग) चालू ठेवा, कारण खरी भीती गाडी उभी असताना चोरीची असते. दुसरं, मोटरहोम म्हणजे आपलं घर, घराला आपण सीसीटीव्ही लावतोच ना, मग कायद्याचा एवढा बाऊ कशाला, ऑस्ट्रियात कोण बघतंय. आणि तिसरं, पुण्यात असताना एका भांडणात व्हिडिओ दाखवल्याबरोबर समोरचा गप्प झाला, तेव्हा कॅमेऱ्याच्या ताकदीवर शंका घेणाऱ्यांनी आधी तो वापरून बघावा.

शंका मी घेतलीच नव्हती हो, कॅमेरा आमच्याकडे आहे! मतभेद आहे तो कॅमेऱ्याला कुठलं काम सांगायचं यावर.

आधी पार्किंग मोडच घेऊ. तुमची व्हॅन रात्री उभी असते तेव्हा काचेवर काय असतं ते आठवा. थंडीत आम्ही बाहेरून चंदेरी थर्मल कव्हर चढवतो, इंग्लंडमधले बहुतेक सगळे मोटरहोमवाले चढवतात, नाहीतर सकाळी काचेतून आत पाणी टपकत असतं. त्या कव्हरच्या आत कॅमेरा रात्रभर काय रेकॉर्ड करणार, कव्हरचं अस्तर? काही कव्हरना पुढचा भाग खाली पाडायची सोय असते, पण ती सकाळी चहा घेताना बाहेर बघायला, रात्रभर कोण उघडं ठेवतं. आतले घडीचे ब्लाइंड असतील तर कॅमेरा ब्लाइंड आणि काच यांच्या मधे अडकतो, तिथे जागा असली तर बरं, नसली तर ब्लाइंड पूर्ण बंदच होत नाही. हे कारवाल्यांना कधीच पडत नाहीत असे प्रश्न आहेत आणि डॅशकॅमचे नव्वद टक्के रिव्ह्यू कारवालेच लिहितात.

आणि समजा काच उघडी आहे. चोर पुढच्या काचेसमोर येऊन उभा राहतो का? ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप, हॅबिटेशनचं, म्हणजे मागच्या राहायच्या भागाचं, दार, बाजूच्या अॅक्रिलिकच्या खिडक्या, मागचं सामानाचं गॅरेज, यातलं काहीही पुढच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. दिसली तर एक हूडी दिसेल. त्याच पैशात कॅबच्या दारांना जास्तीची कुलपं बसवा, ट्रॅकर घ्या, आणि फ्रान्स-स्पेनमध्ये मोटरवेच्या सर्व्हिस एरियात रात्र काढू नका, हे मी मूळ पोस्टमध्येही लिहिलं होतं. या तीन गोष्टी झाल्यावर पैसे उरले तर मग पार्किंग मोडचं बोलू.

आता बॅटरी. तुम्ही लिहिलंत "कटऑफ असतो, बॅटरी उतरत नाही". कटऑफ, म्हणजे व्होल्टेज उतरलं की कॅमेरा आपोआप बंद होणं, असतो हे खरंय, पण हिशोब करून बघा. पार्किंग मोडमध्ये साधारण पाव अँपिअर धरा, चोवीस तासाला ६ अँपिअर-तास झाले. ९५ अँपिअर-तासांची स्टार्टर (इंजिन चालू करणारी) बॅटरी असेल तर आठवड्याभरात अर्धी खलास, आणि त्यात अलार्म, ट्रॅकर, रेडिओची मेमरी हे आधीच थोडं थोडं पीत बसलेले असतात. कार रोज चालते म्हणून रोज भरते, मोटरहोम नोव्हेंबरमध्ये स्टोरेजला लागते ती मार्चपर्यंत हलत नाही. कटऑफ १२.२ व्होल्टवर लावला तर कॅमेरा बंद पडतो खरा, पण तोपर्यंत बॅटरी निम्म्यावर आलेली असते आणि त्यावर पुढे अलार्म आपलं खातच राहतो. मग कॅमेरा लेजर बॅटरीवर (राहायच्या भागातले दिवे वगैरे चालवणारी वेगळी बॅटरी) टाका असं सुचवतील लोक, छपरावर सोलर आहे ना. आहे, पण इंग्लंडच्या डिसेंबरमध्ये १०० वॉटचं पॅनल किती देतं ते ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारा. शिवाय कॅबमधल्या कॅमेऱ्यासाठी मागून वायर ओढायची, फ्यूज टाकायचा, हे सगळं कोणीतरी जाणकाराने केलेलं बरं, आणि त्याची मजुरी कॅमेऱ्याच्या किमतीएवढी होते. ज्याची व्हॅन घरासमोर विजेच्या हुकअपवर उभी असते त्याने खुशाल लावावा, माझं काही म्हणणं नाही. माझी तशी नसते.

मागच्या कॅमेऱ्याचंही तसंच. बॉक्समध्ये येणारी केबल सहाएक मीटरची, आमची व्हॅन सात मीटरची, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही, खांबातून वर, कपाटांच्या मागून, बाथरूमला वळसा घालून जाते. मागे काच असेल तर ठीक, आमच्याकडे मागे नुसती भिंत आहे. म्हणजे वॉटरप्रूफ कॅमेरा बाहेर लावायचा आणि त्या भिंतीला भोक पाडायचं. मोटरहोममध्ये पाणी मुरणं याच्याइतका भयंकर शब्दप्रयोग दुसरा नाही, लोक दर वर्षी पैसे देऊन ओल तपासून घेतात आणि मी स्वतःच्या हाताने भोक पाडू? बॉडीची वॉरंटी चालू असेल तर आधी डीलरला विचारा, एवढंच सांगते.

मग लावायचाच कशाला? चालताना. इथे आपलं दोघांचं एकमत आहे म्हणून पटकन सांगते. इकडे ब्रिटनमध्ये मुद्दाम पुढे येऊन कचकन ब्रेक मारायचा आणि मागच्याच्या इन्शुरन्सवर क्लेम लावायचा हा धंदा चालतो. मागून ठोकणाऱ्याचीच चूक असं साधारण धरलं जातं आणि साडेतीन टनाची गाडी कारसारखी जागेवर थांबत नाही, तेव्हा पुढचा कॅमेरा मोटरहोमवाल्याला कारवाल्यापेक्षा जास्त कामाचा आहे. दुसरी जागा म्हणजे अरुंद रस्ते, कॉर्नवॉलच्या गल्ल्या किंवा स्कॉटलंडमधले एका गाडीपुरतेच असलेले रस्ते. तिथे आरशाला आरसा घासतो आणि दोघंही म्हणतात तू माझ्या बाजूला आलास. कोण कुठल्या बाजूला होतं हे पुढच्या कॅमेऱ्यात बऱ्यापैकी कळतं. पण मोटरहोमचं रोजचं नुकसान वेगळंच असतं, वळताना मागचं शेपूट खांबाला लागणं, छपरावर फांदी, हाईट बॅरियर, आणि यातलं बहुतेक डॅशकॅमला दिसत नाही, शिवाय ते करणारे आपणच असतो.

हो, आणि कॅमेरा आपल्या विरुद्धही साक्ष देतो. जीपीएसवाला असेल तर व्हिडिओवर वेग उमटतो. ब्रिटनमध्ये ज्या मोटरहोमचं रिकामं वजन ३.०५ टनांच्या वर आहे तिला मधे दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर ताशी ५० मैलांची मर्यादा आहे, कारला ६० ची असते तिथे. निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं. अपघात दुसऱ्याच्या चुकीने झाला, तुम्ही फुशारकीने व्हिडिओ पाठवलात आणि त्यात तुमचा वेग ५८ दिसला, मग काय? वेग उमटवायचं सेटिंग बंद करा असं मी मुळीच म्हणत नाहीये, मर्यादा पाळा म्हणतेय, पण कॅमेरा लावताना हे डोक्यात असू द्या. माईक मात्र आम्ही बंद ठेवलाय. नकाशावरून मी आणि नवरा जे बोलतो ते इन्शुरन्स कंपनीने ऐकायची काही गरज नाही.

आता "आपलं घर, आपला सीसीटीव्ही". मुद्दा पहिल्यांदा मलाही बिनतोड वाटला, पण युरोपात नेमका हाच प्रश्न कोर्टात जाऊन आलाय. चेक प्रजासत्ताकात एका माणसाच्या घराच्या काचा लोक फोडत होते, त्याने घराला कॅमेरा लावला, त्यात समोरचा रस्ता आणि समोरच्या घराचं दारही येत होतं. कॅमेऱ्यामुळे संशयित सापडले, आणि त्यांच्यातल्याच एकाने उलट तक्रार केली. प्रकरण युरोपियन कोर्टापर्यंत गेलं आणि डिसेंबर २०१४ मध्ये निकाल आला की कॅमेरा सार्वजनिक जागा टिपत असेल तर तो निव्वळ घरगुती वापर राहत नाही, डेटा संरक्षणाचे नियम लागू होतात. घरमालकाची गरज विचारात घेता येते असंही कोर्ट म्हणालं, पण "माझं घर माझी मर्जी" हे काही टिकलं नाही. हे जागेवरून न हलणाऱ्या घराचं झालं. आपलं घर तर रोज वेगळ्या गल्लीत उभं असतं, दुसऱ्याच्या तंबूकडे तोंड करून. कॅम्पसाईटवर शेजारची पोरं स्विमिंगच्या कपड्यात फिरत असतात आणि आपला कॅमेरा हालचाल दिसली की आपोआप रेकॉर्डिंग सुरू करतो, हे मला कायदा नसता तरी पटलं नसतं.

प्रत्येक देशाचं वेगळं आहे. जर्मनीत १५ मे २०१८ ला तिथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने माग्डेबुर्गच्या एका केसमध्ये, दोन गाड्या शेजारशेजारच्या लेनमधून डावीकडे वळताना घासल्या होत्या, असं म्हटलं की कारण नसताना सतत रेकॉर्डिंग करणं नियमात बसत नाही, तरी ते पुरावा म्हणून बघता येईल. म्हणून तिथे छोटे तुकडे सतत पुसले जाणारं सेटिंग ठेवायचं आणि धक्का बसला तरच सेव्ह. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च कोर्टाने २०१९ मध्ये उलटा सूर लावला, खाजगी डॅशकॅमच्या व्हिडिओवरून एका बाईंना दिलेली वाहतुकीच्या गुन्ह्याची शिक्षा टिकू दिली नाही. ऑस्ट्रियात तर वापरणंच अंगाशी येऊ शकतं, पोर्तुगालमध्येही तेच. "कोण बघतंय" म्हणता, पण परदेशी नंबरप्लेटची सात मीटरची पांढरी गाडी आणि तिच्या भल्यामोठ्या काचेवर मधोमध काळा कॅमेरा, हे न दिसायला पोलीस झोपलेले हवेत. आणि गंमत बघा, जिथे रेकॉर्डिंगच बेकायदा, तिथे अपघात झाला तर तो व्हिडिओ तुम्ही कोणाला दाखवणार? दाखवला तर आधी स्वतःचाच गुन्हा कबूल. म्हणून ड्रॉवर. सॉकेटमधून काढायला दहा सेकंद लागतात, हार्डवायर केलेल्याला हे इतकं सोपं नसतं, आणि मी सॉकेट का निवडलं त्याचं हेच मुख्य कारण आहे, कंजूसपणा नाही.

पुण्याच्या प्रसंगाबद्दल. रस्त्यावर व्हिडिओ दाखवून समोरचा गप्प होतो हे खरंय, मीही पाहिलंय. पण गोष्ट कोर्टात गेली तर भारतातही नुसता फोन पुढे करून भागत नाही. आपल्या जालन्याचीच केस आहे, अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांची. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही हा वाद, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसमधलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरण हजर करत नसाल तर कॉपीसोबत कायद्यातलं प्रमाणपत्र लागणारच. आता १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आहे, त्यात ते कलम ६३ मध्ये आलंय आणि फाईलची हॅश व्हॅल्यूही (फाईल बदललेली नाही हे तपासायचा आकडा) द्यावी लागते. म्हणजे भारतात डॅशकॅम वापरणाऱ्यांनी अपघात झाला की पहिलं काम मूळ मेमरी कार्ड काढून बाजूला ठेवायचं, व्हॉट्सअॅपवर फिरवलेली क्लिप म्हणजे पुरावा नव्हे.

इथेही कार्डाचं आहेच. कॅमेरा जुनं पुसत पुढे जातो, सकाळी कोणी घासून गेलं आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत चालवत राहिलात तर ते गेलं. आणि मोटरहोममध्ये धक्क्याचा सेन्सर कमीत कमीवर ठेवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला भांड्यांच्या खणापासून सगळं हादरतं, कॅमेऱ्याला वाटतं अपघात झाला, तो फाईल लॉक करतो आणि कार्ड लॉक केलेल्या फाईलींनी भरून जातं. कॅमेरा शक्यतो बॅटरीऐवजी कपॅसिटरवाला (वीज थोडा वेळ साठवणारा, उष्णता जास्त सोसणारा भाग) घ्या, स्पेनच्या ऑगस्टमध्ये त्या काचेमागे आतली लिथियम बॅटरी फुगते. काचेवरच्या जागेचं म्हणाल तर ब्रिटनच्या एमओटीचा, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचा, नियम आहे, स्टिअरिंगसमोरच्या २९० मिलिमीटरच्या पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा जास्त आत यायला नको, वायपर फिरतो त्या बाकीच्या भागात ४०. इन्शुरन्समध्ये सूट मिळेल या आशेवर घेऊ नका, काही कंपन्या थोडी देतात, बऱ्याच देत नाहीत, आधी फोन करून विचारा.

तेव्हा दादा, सल्ला अर्धवट नाहीये, कॅमेऱ्याला मी अर्धंच काम दिलंय आणि ते जाणूनबुजून. तुमची व्हॅन ए-क्लास (पुढचा भागही मोटरहोमवाल्यांनीच बांधलेली, एकसंध मोठ्या काचेची) आहे की साधी ड्युकाटो कॅबवाली (फियाटच्या व्हॅनचा मूळ पुढचा भाग ठेवलेली) ते तुम्ही लिहिलं नाहीत. ए-क्लास असेल तर काच आणि ब्लाइंडमध्ये किती जागा उरते ते ब्लाइंड पूर्ण बंद करून मोजा आणि इथेच खाली टाका, तीन-चार जणांना हीच अडचण आलीय आणि कुठला कॅमेरा त्या फटीत बसतो ते अजून कोणी नीट सांगितलेलं नाही.