मुलगी इथली, तरी क्रेडिट नाही

टॅक्स सीझनमध्ये दर शनिवारी मी इथे न्यू जर्सीत व्हिटा या टॅक्स-मदत योजनेच्या केंद्रात बसते. कमी उत्पन्नाच्या लोकांचे रिटर्न आम्ही फुकट भरून देतो. यंदा एक बाई आल्या. त्या रात्री ऑफिसं साफ करतात, नवरा छपरांच्या कामावर जातो. दोघांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आयटीआयएन आहे, म्हणजे तो नंबर मिळू न शकणाऱ्यांना फक्त टॅक्ससाठी दिलेला नंबर, आणि त्यावर ते दरवर्षी न चुकता टॅक्स भरतात. मुलगी सात वर्षांची, इथेच जन्मलेली, अमेरिकन नागरिक. गेल्या वर्षीपर्यंत तिचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलामागे मिळणारी टॅक्समधली सूट, मिळत होतं. यंदा शून्य.

४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने क्रेडिट २,००० वरून २,२०० डॉलर झालं खरं, पण आई-वडिलांपैकी निदान एकाकडे तरी सोशल सिक्युरिटी नंबर हवा, ही नवी अटही आली. न्यू जर्सी राज्य स्वतःचं क्रेडिट देतं, आयटीआयएनवरही देतं, पण फक्त पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना. मी हे सांगितलं तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत. कागद एकेक करून पिशवीत घातले. थकलेलं भाडं त्या याच पैशांतून देणार होत्या.

मला आमचं २०१८ सालचं रिटर्न आठवलं. माझी थोरली पुण्यात जन्मलेली, एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर आलेली, म्हणून तिला फक्त आयटीआयएन; धाकटा इथे एडिसनमध्ये जन्मलेला. त्या वर्षापासून मुलालाच सोशल सिक्युरिटी नंबर हवा असा नियम झाला. धाकट्याचे २,००० डॉलर, थोरलीला त्याऐवजी दुसऱ्या छोट्या क्रेडिटचे ५००. आमचा पगार बरा होता, निभावलं. पण एका ताटात जेवणाऱ्या दोन लेकरांपुढे ते दोन आकडे बघून मी रडले होते. तो नियम २०२५ नंतर संपणार होता, तो आता कायमचा झालाय.

इथल्या आपल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, 'बेकायदा राहणाऱ्यांना सरकारने पैसे का द्यावेत?' याच लोकांनी २०२२ साली सुमारे ९६.७ अब्ज डॉलर टॅक्स भरला, असा इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसीचा अंदाज आहे. आणि क्रेडिट असतं मुलाच्या दुधासाठी, कोटासाठी. २०२१ मध्ये ते वाढवून गरिबातल्या गरिबालाही पूर्ण दिलं, तेव्हा बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आलं. वाढ बंद झाली आणि पुढच्याच वर्षी ते १२.४ वर गेलं.

एच-१बीवाल्या घरांत नोकरी करणाऱ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर असतो, त्यामुळे त्यांना पालकांची नवी अट अडत नाही, म्हणून आपल्यात याची चर्चाच नाही. याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांना मतदानाचा हक्क आहे त्यांनी आपल्या काँग्रेस सदस्याच्या ऑफिसला फोन करा. मागणी एवढीच: पालकांच्या नंबरची अट काढा, आणि आयटीआयएनवरच्या मुलांनाही क्रेडिट परत द्या.