मिलान म्हणजे बेर्गामो

पुण्यातल्या नातेवाइकांची अशी ठाम समजूत आहे की फ्रँकफर्टला राहणारी माणसं शुक्रवारी ऑफिस सुटलं की पॅरिसला जेवायला जातात, शनिवारी रोममध्ये फिरतात आणि रविवारी ॲमस्टरडॅमहून ट्युलिप घेऊन घरी येतात. नकाशा समोर ठेवून बोलतात, त्यामुळे त्यांना दोषही देता येत नाही. पॅरिस इथून रेल्वेने चार तासांच्या आत येतं, स्ट्रासबूर्ग साधारण दोन तासांत. "एवढ्या वेळात आमचं हडपसरहून हिंजवडीला जाणं होतं," असं मामा म्हणतात. मामांना नकाशात एकच गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे आमचा व्हॉट्सॲप ग्रुप.

ग्रुपचं नाव 'निघालो रे'. त्यात तीन कुटुंबं. दादा-वहिनी वयाने मोठे. दादांना संग्रहालयं हवीत, आणि तीही प्रत्येक चित्राखालची पाटी शेवटपर्यंत वाचून. दुसरं ठाण्याचं जोडपं, नवं लग्न, त्यांना कुठेही चालतं, फक्त फोटोला उजेड चांगला हवा. आणि तिसरे आम्ही. मला परक्या गावातल्या एखाद्या चौकात खुर्चीवर नुसतं बसून राहायला आवडतं, पण हे मी बोलत नाही, कारण "बसायचंच तर घरी बाल्कनी आहे की" हे उत्तर तयार असतं. राहता राहिला माझा नवरा. त्याला प्रवासाचं विशेष वेड नाही. त्याला एक्सेलचं आहे.

सगळ्यात आधी तारीख ठरवायची असते, आणि निम्म्या सहली इथेच आटोपतात. गुरुवारी सुट्टी आली की शुक्रवारची एक रजा टाकायची आणि चार दिवस पदरात पाडायचे, ही युक्ती आपल्यालाच सुचली असं प्रत्येक नव्या माणसाला वाटतं. जर्मन सहकाऱ्यांनी त्या रजा जानेवारीतच टाकलेल्या असतात. शनिवार-रविवारी आलेली सुट्टी बुडते ती बुडतेच, बदली मिळत नाही. यंदा ३ ऑक्टोबर, म्हणजे जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस, नेमका शनिवारी येतोय. दोन देशांनी एक व्हायचं ठरवताना पुढची कॅलेंडरं कुणी बघितली नाहीत, याचं वहिनींना मनापासून वाईट वाटतं.

म्हणजे उरले साधे शनिवार-रविवार. त्यातला एक मंडळाच्या पाडव्याला गेला. एक मुलांच्या मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनाला. एकात ठाणेकरांच्या घरी पाहुणे. शिवाय रविवारी इथली दुकानं बंद. दोन्ही दिवस बाहेर राहिलं तर सोमवारी सकाळी घरात दूध नसतं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी निघण्याऐवजी शुक्रवारी संध्याकाळी किराणा. हे मामांना सांगून पटत नाही. युरोपात राहून दुधासाठी पॅरिस सोडणारी माणसं त्यांना बघायची नाहीयेत.

शेवटी मार्चचा शेवटचा शनिवार-रविवार सगळ्यांना जमला. कसा जमला, हे कुणीही विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं, पण जमलेल्या तारखेकडे फार निरखून बघू नये असा आमच्या ग्रुपचा अनुभव आहे.

मग ठिकाण. पोल टाकला. पर्याय: प्राग, बुडापेस्ट, मिलान, लिस्बन. सहा मोठी माणसं, मतं अकरा, कारण पोलमध्ये एकाहून जास्त उत्तरं चालतील ही खूण नवऱ्याने काढली नव्हती. दादांनी चारही शहरांना मत दिलं आणि खाली लिहिलं, "मला कुठलंही चालेल, पण प्रागचं घड्याळ १४१० सालचं आहे." ठाणेकरांनी उजेडाची चौकशी केली. वहिनींनी विचारलं, रविवारी एकादशी आहे, तिथे फळं चांगली कुठली मिळतात? या एका प्रश्नावर इटली निवडून आली.

आता विमान. स्वस्त विमानांच्या जगात शहरांच्या नावांना फार अर्थ नसतो हे एकदा मान्य केलं की निम्मा मनस्ताप वाचतो. तिकिटावर 'फ्रँकफर्ट' लिहिलेलं असतं आणि पुढे बारीक अक्षरात 'हान'. हे हान फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, वेगळ्याच राज्यात, डोंगरात आहे. पूर्वी तो अमेरिकी हवाई दलाचा तळ होता, आणि असे तळ शहराच्या मध्यावर बांधत नाहीत. पुण्याचं विमान म्हणून तिकीट काढावं आणि साताऱ्याला जाऊन ते पकडावं, तसं हे. पलीकडच्या टोकालाही तोच प्रकार. 'मिलान' म्हणजे बेर्गामो, मिलानपासून पन्नासेक किलोमीटर. 'पॅरिस' म्हणून बोव्हेला उतरवतात, ते आणखी लांब. म्युनिकच्या नावावर मेमिंगन खपतं.

नवऱ्याच्या एक्सेलमध्ये म्हणून दोन रकाने असतात: 'विमानाचा वेळ' आणि 'खरा वेळ'. पहिल्यात सव्वा तास होता. दुसऱ्यात घरापासून स्टेशन, स्टेशनवरून हानची पावणेदोन तासांची बस, विमानतळावर दोन तास आधी, उतरल्यावर मिलानची बस, असं करत करत आकडा रेल्वेने मिलानला जाण्याइतका झाला. त्याने ती चौकट लाल रंगवली आणि काही न बोलता लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पहाटेचं विमान असल्यामुळे निघायची वेळ रात्री दीडची. "म्हणजे झोपायचंच नाही?" मी विचारलं. "झोपेचा रकाना आहे," तो म्हणाला, "पण तो विमानात आहे."

इथे मी आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिला. माझं म्हणणं एवढंच की विमान जिथे उतरतं तेच गाव बघू या. बेर्गामो काही टाकाऊ नाही. टेकडीवर जुनं गाव आहे, त्याभोवती व्हेनिसवाल्यांनी सोळाव्या शतकात बांधलेला तट आहे, २०१७ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. वर जायला १८८७ पासून दोरखेच गाडी. गाव विमानतळापासून पाचेक किलोमीटरवर, म्हणजे पन्नास किलोमीटरचा हेलपाटा वाचतो. आणि वरच्या गावात चौक आहे, चौकात खुर्च्या आहेत. हे शेवटचं वाक्य मी पाठवण्याआधी पुसलं.

"पण मिलानला जातो असं सांगितलंय," ठाणेकर म्हणाला. कुणाला, ते बोलला नाही, पण आम्हा सगळ्यांना कळलं. आपापल्या घरी आम्हीही तेच सांगितलं होतं. बेर्गामो म्हटलं की पुण्याला पुन्हा पहिल्यापासून समजवावं लागतं. दादांचं दुःख वेगळं. मिलानचा डुओमो, म्हणजे तिथलं मुख्य कथीड्रल, १३८६ साली सुरू झालेला, बांधून पुरा व्हायला जवळजवळ सहा शतकं लागली, एवढं जवळ जाऊन तो बघायचा नाही? मी त्यांना बोव्हेच्या कथीड्रलची गोष्ट सांगितली. तिथल्या लोकांनी गॉथिक कमानींत सगळ्यात उंच छत बांधायचं ठरवलं, जवळजवळ ४८ मीटर. ते १२८४ साली कोसळलं. पुन्हा उभं केलं, मग त्यावर दीडशे मीटरच्या वर मनोरा चढवला. तोही १५७३ साली पडला. आणि माणसं बसायची ती मुख्य लांब बाजू बांधायची राहिली ती आजतागायत राहिलीच. "यावरून काय म्हणायचंय तुला?" दादांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, सहज आठवलं.

मुलांनी मात्र माझी बाजू घेतली, कारण स्ट्राचाटेल्ला आइस्क्रीम १९६१ साली बेर्गामोत जन्माला आलं हे मी त्यांच्या कानावर घातलं होतं. लोकशाहीत मतदार घडवावा लागतो. तडजोड अशी झाली: मुक्काम बेर्गामोत, शनिवार बेर्गामोचा, रविवारी सकाळी रेल्वेने मिलान, डुओमो, परत, संध्याकाळी विमान. लिओनार्डोचं 'लास्ट सपर'ही मिलानलाच आहे, पण त्याची तिकिटं महिनोन्‌महिने आधी जातात आणि आत पंधरा मिनिटं मिळतात. काढायला त्याला तीनेक वर्षं लागली, बघायला पंधरा मिनिटं. दादांच्या पाटी वाचण्याच्या वेगाने तेवढ्यात येशूच्या डाव्या बाजूचीसुद्धा माणसं उरकली नसती.

वेळेवर तिकीट काढण्याच्या बाबतीत आम्ही एकदाच शिस्त पाळली होती, ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँकच्या घरासाठी. तिथली तिकिटं दर मंगळवारी सकाळी दहाला, सहा आठवडे पुढची, खुली होतात. ॲन मूळची आमच्या फ्रँकफर्टची, १९२९ सालचा जन्म. त्या दिवशी ग्रुपवर कुणी उजेड विचारला नाही, परत येतानाही गाडीत फारसं कुणी बोललं नाही. असो.

बॅग. ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर, यात चाकं, हँडल आणि तुमचा आशावाद सगळं धरून. गेटवर एक लोखंडी चौकट असते, तिच्यात बॅग बसली नाही तर जे पैसे मागतात त्यात अख्खं तिकीट पुन्हा निघावं. म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात आमच्या तिन्ही घरांत शिवणाचा टेप बाहेर आला. वहिनींनी बॅगेत जागा नाही म्हणून डबे मोजले. दशम्यांचा डबा बसतो, पण मग दादांचा स्वेटर बसत नाही. उपाय: स्वेटर अंगावर. नंतर लक्षात आलं की दुसरा स्वेटरही बसत नाही. दादा हानच्या रांगेत दोन स्वेटर, एक जाकीट आणि खिशात मोज्यांच्या जोड्या अशा अवस्थेत उभे राहतील असं ठरलं. दादांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

पातळ पदार्थांचा नियम शंभर मिलिलिटरचा. लोणचं पातळ की घट्ट, यावर ग्रुपमध्ये रात्री बारापर्यंत चर्चा चालली. तेल वर आलं असेल तर पातळ, असं ठाणेकरणीचं मत. वहिनींनी तेल काढून ठेवलं. शेंगदाण्याची चटणी मात्र कोरडी, तिच्याबद्दल दुमत नव्हतं. एकूण दोन दिवसांसाठी इटलीत जाताना आम्ही जे खायचं नेत होतो, त्यावरून बघणाऱ्याला वाटलं असतं की त्या देशात स्वयंपाकाची प्रथा नसावी.

निघायच्या आदल्या गुरुवारी नवरा जेवणाच्या टेबलावरून उठला, लॅपटॉप उघडला आणि बराच वेळ गप्प बसला. मार्चचा शेवटचा रविवार. पहाटे दोनला घड्याळं तीनवर जातात, जवळजवळ सगळ्या युरोपात एकाच वेळी. रविवारच्या पानातला एक तास, ज्यावर मिलानची गाडी, डुओमोची रांग आणि परतीची बस टेकून उभी होती, तो मुळात अस्तित्वातच नव्हता. तारीख सगळ्यांना इतकी सहज जमली होती ती का, हे आता कळलं. बहुतेकांनी तो वीकेंड सोडून दिला असणार.

त्याने सूत्रं बदलून बघितली. झोपेतून तास काढला तर मुलं रडतात. बसच्या वेळेला हात लावता येत नाही. शेवटी ग्रुपवर लिहिलं: "रविवारी घड्याळ पुढे जातंय, आपला एक तास कमी. नाश्ता काढू की डुओमो?"

'निघालो रे'वर कुठल्याही प्रश्नाला पहिलं उत्तर यायला निदान दोन दिवस लागतात. या वेळी मिनिटही लागलं नाही. ठाणेकर: डुओमो. ठाणेकरीण: डुओमो. मी: डुओमो. मग बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं आणि दादांचं आलं: "डुओमोच काढा. इतकी शतकं थांबलाय, थांबेल अजून."

त्याखाली वहिनी, ज्यांची त्या रविवारी एकादशी होती: "नाश्ता किती वाजेपर्यंत असतो तेवढं विचारून ठेवा."