आवाज बंद आहे का?

काल रात्रीपासून डोकं तापलंय. सकाळचा चहा समोर गार होऊन गेला, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकते. लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जा.

आमच्या सोसायटीत महिन्यातून एका शनिवारी क्लबहाउसमध्ये सिनेमा लावतात. या वेळी निवड माझी होती. मी 'द ट्रिप्लेट्स ऑफ बेलव्हिल' लावला. २००३ चा फ्रेंच ॲनिमेशनपट, सिल्व्हां शोमेचा, जेमतेम ऐंशी मिनिटांचा. संवाद म्हणाल तर एका पोस्टकार्डावर मावतील.

पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. मागून आवाज आला, "आवाज बंद आहे का?"

आवाज चालू होता हो! आगगाडी धडधडत होती, कुत्रा भुंकत होता, म्हातारीची शिट्टी वाजत होती. फक्त कोणी बोलत नव्हतं. मग दुसरीकडून, "सबटायटल लाव ना गं." कशाची लावू? शिट्टीची? मग एक काका, "कार्टून आहे तर पोरांना बोलवायचं, आम्हाला कशाला बसवलंय." आणि मध्येमध्ये अंधारात एकेक मोबाइल पेटत होता, काजव्यांसारखा. अर्ध्यावर नऊ जण उठून गेले. मोजले मी. यजमानाला मोजावंच लागतं.

रात्री ग्रुपवर मेसेज. "छान होता, पण स्टोरी काय होती?" "यातून मेसेज काय घ्यायचा?" आणि एक जांभई देणारी इमोजी. ती कोणी टाकली ते मी इथे लिहीत नाही, पण तिला माहीत आहे.

स्टोरी काय होती म्हणे. अहो, याहून सरळ गोष्ट आजवर कुणी सांगितली नसेल. मादाम सूझा नावाची एक म्हातारी, तिचा नातू शांपियों. पोर गप्प, उदास. आईबाप कुठे गेले हे सिनेमा सांगत नाही. भिंतीवर सायकलसोबत उभ्या जोडप्याचा एक फोटो आहे, तेवढंच. आजी पियानो वाजवून बघते, कुत्र्याचं पिल्लू आणून बघते. पोराचं मन कशातच रमत नाही. मग एक दिवस तिला त्याची वही सापडते, सायकलस्वारांची कात्रणं चिकटवलेली. ती त्याला तीनचाकी आणून देते. पोर मोठं होतं आणि तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत उतरतं. तिथे माफियावाले त्याला पळवतात. शर्यतीतून मागे पडलेल्यांना उचलायला जी गाडी मागून येते, तीच त्यांनी बनावट आणलेली असते. जहाजातून त्याला नेतात समुद्रापार, बेलव्हिल नावाच्या शहरात. आणि आजी काय करते? किनाऱ्यावर पायानं मारायची होडी भाड्यानं मिळते ना, ती घेते, कुत्र्याला पुढ्यात बसवते आणि त्या डोंगराएवढ्या जहाजामागे महासागरात पायडल मारत निघते.

यात न समजण्यासारखं काय आहे? कुठला शब्द कमी पडला?

आता अण्णांची गोष्ट सांगते, म्हणजे मला एवढा राग का आला ते कळेल.

माझ्या वडिलांचं मिरजेत सायकलचं दुकान होतं. दुरुस्ती आणि भाड्याच्या सायकली. सिनेमाचा आणि त्यांचा संबंध गणपतीतल्या पडद्यापुरता. २०११ च्या दिवाळीत मी घरी गेले होते. रात्री लॅपटॉपवर हाच सिनेमा लावून बसले होते, हेडफोन न लावता. अण्णा पानाला चुना लावत पलीकडे बसले होते. लक्ष आहे असं वाटत नव्हतं. सिनेमात तो प्रसंग आला. नातू सराव करून मरगळून जेवतोय आणि आजी त्याचं चाक नीट करतेय. आयफेल टॉवरची ती शोभेची छोटी प्रतिकृती असते ना, तिच्यावर चाक बसवलंय, हातात स्वर जुळवायचा चिमटा. चिमटा वाजवायचा, कानाशी धरायचा, तारेवर टिचकी मारायची, ऐकायचं, चावी किंचित फिरवायची.

अण्णांचा हात चुन्याच्या डबीवर थांबला.

"आऊट काढतीय म्हातारी," ते म्हणाले.

मग उठले, दुकानाकडच्या खोलीत गेले आणि येताना स्पोकची चावी घेऊन आले. कशाला आणली ते त्यांनाही माहीत नसावं. ती हातात धरून माझ्या शेजारी येऊन बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. पान तसंच राहिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चाक डुगडुगायला लागलं की रिंगला आऊट आलाय म्हणतात. एकेक स्पोक सैल-घट्ट करत ते सरळ करायचं. अण्णा चाक फिरवायचे, रिंगेजवळ खडू धरायचे, जिथे खडू लागेल तिथे चावी. आणि मधेच नखानं स्पोक छेडायचे. एक, दुसरा, तिसरा. सगळ्यांचा आवाज सारखा यायला पाहिजे. मिरजेत ज्या गल्ल्यांत सतारी आणि तंबोरे बनतात, तिथून आमचं दुकान हाकेच्या अंतरावर. लहानपणी मला वाटायचं, तार छेडून ऐकणं हे मिरजेतल्या सगळ्याच बाप्यांचं काम असतं. कुणी भोपळ्यावर करतं, कुणी चाकावर.

तर सातवी शिकलेला, पंक्चर काढणारा माणूस. त्यानं कालच्यासारखं एकदाही विचारलं नाही की हे बोलत का नाहीत. आणि काल माझ्यासमोर पंचवीस-तीस शिकलेली माणसं बसलेली, त्यातली तिघं-चौघं तर वीकेंडला हेल्मेट-बिल्मेट घालून खडकवासल्यापर्यंत सायकल हाणणारी. त्या प्रसंगात त्यातला एकजण व्हॉट्सॲप बघत होता. लाखाची सायकल आहे त्याची. आऊट दुकानवाला काढून देतो.

हो, मान्य. माझंही थोडं चुकलं. सुरुवातीला जुन्या कृष्णधवल कार्टूनची नक्कल आहे, त्यात केळ्यांचा घागरा नेसलेली जोसेफिन बेकर, एके काळी पॅरिस गाजवलेली कृष्णवर्णीय नर्तकी, नाचते आणि प्रेक्षकांतले पुरुष माकडं होऊन केळ्यांवर तुटून पडतात. तिसऱ्या रांगेतली एक आई आठ वर्षांच्या मुलाला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. तिला मी आधी सांगायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर ते बेकरचं चित्रण आज माझ्याही डोळ्यांना टोचतं. बेलव्हिल शहरात जो तो लठ्ठ दाखवलाय, तोही विनोद पाचव्या वेळेला स्वस्त वाटतो. ठीक आहे. झालं.

पण त्या काकांचं "कार्टून" मी सोडणार नाही. यांना कार्टून म्हणजे गुळगुळीत गालांची, टपोऱ्या डोळ्यांची बाहुली पाहिजे. "किती कुरूप काढलीत माणसं!" असंही कुणीतरी म्हणालं. कुरूप? मादाम सूझा बुटकी आहे, तिच्या ओठांवर लव आहे, एक पाय आखूड म्हणून त्या बुटाला जाड तळ आहे आणि चालताना तो टक्क वाजतो. माझी मोठी आत्या अशीच होती. तुमच्या घरात सगळ्या म्हाताऱ्या जाहिरातीतल्या आहेत का? शांपियोंच्या मांड्या-पोटऱ्या खांबासारख्या आणि बाकी अंगाची काडी. आमच्या गल्लीतला एक पोरगा मुंबई-पुणे सायकल शर्यतीत उतरायचा, बोरघाटात 'घाटाचा राजा' व्हायचं म्हणून वर्षभर जीव काढायचा. तो अगदी असाच दिसायचा. त्याची आई पोटऱ्यांना तेल चोळायची. सूझा व्हॅक्यूम क्लीनर आणि अंडी फेटायच्या यंत्रानं मालिश करते, एवढाच काय तो फरक. अण्णा तिथे इतके हसले की ठसका लागला.

थांबा, दुसऱ्या बाजूचेही राहिलेत. कारण ग्रुपवर रात्री साडेअकराला एका विद्वानांनी लांबलचक उतारा टाकला, की हे अमेरिकन भांडवलशाहीवरचं रूपक आहे, पाहा ती जाडजूड स्वातंत्र्यदेवता, हातात बर्गर. बरं. आहे तसं. ते आंधळ्यालाही दिसेल. पण मी विचारलं, त्या तीन म्हाताऱ्या जेवायला काय करतात? उत्तर नाही. कारण तेव्हा हे गृहस्थ बाहेर फोनवर होते. त्या तिघी म्हणजे नावातल्या ट्रिप्लेट्स, तिळ्या बहिणी. एके काळच्या गाणाऱ्या, आता बेलव्हिलमध्ये एका पडक्या खोलीत राहतात आणि सूझाला आसरा देतात. त्यातली एक तळ्यात हातबाँब टाकते, आणि आकाशातून बेडूक पडतात ते जाळीत झेलून घरी आणते. बेडकांचं सूप, तळलेले बेडूक, सगळं बेडकांचं. आणि त्यांच्या फ्रिजला, व्हॅक्यूम क्लीनरला, वर्तमानपत्राला हात लावायची सूझाला मनाई. का ते नंतर कळतं, त्या तिघी स्टेजवर तेच वाजवतात! फ्रिजच्या जाळ्या छेडतात, पेपर फडफडवून ताल धरतात. आणि सूझा त्यांच्यात सायकलचं चाक घेऊन बसते. चाक! तोच स्पोकचा आवाज! रूपक सांगणाऱ्याला हे दिसलं नाही. मला जांभईवाली इमोजी परवडली.

बरं, एक गंमत. त्या वर्षी ऑस्करला हा सिनेमा 'फाइंडिंग नीमो'समोर होता आणि नीमोनं बाजी मारली. नीमो मलाही आवडतो, माझ्या मुलीनं तो शंभरदा बघितलाय. पण बघा, दोन्हींची गोष्ट एकच. पळवून नेलेल्या पोरासाठी समुद्र तुडवत निघालेलं घरचं माणूस. एकात मासे क्षणभर गप्प बसत नाहीत आणि दुसऱ्यात आजी फक्त पायडल मारते, वर मोत्झार्टचं संगीत चालू असतं. मी दोन्हीकडे रडते. पण दुसऱ्याकडे का रडते हे मला कुणी सांगावं लागत नाही.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरला, कारण एक आठवलं. मी बारावीनंतर पुण्याला निघाले तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत. नीट राहा नाही, अभ्यास कर नाही, फोन कर तर नाहीच. आदल्या रात्री जेवण झाल्यावर माझी लेडीज सायकल उलटी करून बसले. दोन्ही चाकांचा आऊट काढला, घासलेटनं चेन धुतली, ब्रेकचे रबर बदलले. मी दारात उभी. टिंग, टिंग, टिंग. मला तेव्हा राग आला होता. वाटलं, एक शब्द बोलता येत नाही का? म्हणजे कालचे ते मागच्या रांगेतले, "आवाज बंद आहे का" वाले, त्या रात्री मीच होते. तेव्हा त्यांना किती झोडपायचं हा प्रश्नच आहे.

ती चावी आता माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असते. पासपोर्टच्या खाली.

तर काल सिनेमा संपला. श्रेयनामावली सुरू झाली, दिवे लागले, खुर्च्या आपटायला सुरुवात. मी ओरडले, "थांबा, अजून एक आहे शेवटी!" कोण थांबतंय. उरलो मी आणि तो आठ वर्षांचा मुलगा. आई त्याला घरी घेऊन गेली होती, पण त्यानं भोकाड पसरलं म्हणून अर्ध्या तासानं परत आणून बसवला होता. सगळी नावं सरकून गेल्यावर एक छोटा प्रसंग आहे. समुद्रकिनारा. होडी भाड्यानं देणारा माणूस अजून तिथेच उभा. सूझाची वाट बघतोय.

तो पोरगा म्हणाला, "मावशी, आजीनं बोट परत नाही दिली?"

लिफ्टपाशी त्याची आई हाका मारत होती. तो हलला नाही.

अण्णा याच प्रसंगाला बोलले होते. तोवर अख्ख्या सिनेमात त्यांचं एकच वाक्य झालं होतं, आऊटचं. त्या माणसाला बघून ते म्हणाले, "गेलं याचं भाडं." मग बराच वेळ गप्प. लॅपटॉपचा पडदा काळा झाला तरी बघत होते. आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, जे आईलाही कधी सांगितलं नव्हतं. मी जन्मायच्या आधी दुकानात चार सायकली होत्या भाड्याच्या. एका संध्याकाळी एक माणूस तासाभरासाठी म्हणून हिरवी सायकल घेऊन गेला. नाव लिहून घेतलं होतं वहीत. अण्णा दुकान उघडं ठेवून बसले. नऊ वाजले, दहा वाजले, शेजारच्यांनी फळ्या लावल्या. रात्री साडेअकरापर्यंत बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. आठवडाभर रोज तासभर उशिरा दुकान बंद केलं. घरी सांगितलं, काम जास्त आहे.

"नवीन होती?" मी विचारलं.

"नवीन नव्हती," अण्णा म्हणाले, "पण त्याच दिवशी आऊट काढला होता तिचा."